चाके : शून्य

छापील अर्ज जुनाच.
'चाकांची संख्या' समोरचा चौकोन
हेमांगिनीबेननी रिकामा सोडला होता.
रिकामं चालत नाही, मी म्हटलं, काहीतरी लिहा.
त्यांनी शून्य काढलं. गोल, नीट,
दातांच्या डॉक्टरचं.

सव्वीस वर्षं मी दरजीपुऱ्याच्या मैदानात
फक्कीनं आठ काढत आलो.
त्या आठावरून अख्खं बडोदं गेलं :
पाय टेकवणारे, न टेकवणारे,
टेकवून 'नाही टेकवला' म्हणणारे.
पाय टेकला की नापास.
एवढाच कायदा मला ठाऊक
आणि तो पुरायचा.

आता गांधीनगरहून पत्र आलंय :
एका माणसाचं, विजेवरचं, उडतं वाहन,
चाचणी स्थानिक पातळीवर घ्यावी.
कशी, ते सोबतच्या परिशिष्टात.
परिशिष्ट सोबत नव्हतं.

उडतं वाहन टेम्पोतून आलं, दोरीनं बांधून,
कारण अलकापुरीहून इथवर उडत यायला
जो परवाना लागतो
तो इथे आल्यावर मिळणार.

किती वेळ उडतं?
अठरा मिनिटं. वारा असला तर चौदा.
आणि आपलं वजन?
त्या हसल्या. तो रकाना अर्जात नाही.
दवाखाना वाघोडियाला. जाणं होईल,
येण्यासाठी तिथे चार्जिंग हवं,
घरमालक म्हणतो मीटर जळेल.
इकडे सोसायटीनं गच्ची नाकारलीय,
वाळत घातलेले पापड उडतात,
आणि शेजारचे मिराणीकाका विचारतात,
माझ्या डोक्यावरची हवा कुणाची?
मला उत्तर आलं नाही.
मी ते टिपून ठेवलं.

मग माझेच प्रश्न सुटत गेले.
नंबरप्लेट कुठे, पोटाला?
वाचणार कोण, घारी?
उत्तरायणात काय करणार,
सगळं शहर गच्चीवर मांजा ताणून बसतं,
तिथे बापाचीही गय नाही.
आणि विश्वामित्रीवर असताना बॅटरी संपली तर?
पॅराशूट आहे, त्या म्हणाल्या.
म्हटलं, मगरींना ते ठाऊक आहे का?

हसणं झालं. चाचणी राहिली.
आठ कुठे काढू?
लोकांना लागतो तसा
हवेला चुना लागत नाही.

जून लागला होता. साडेबाराचं ऊन
थेट टाळूवर, प्रत्येकाची सावली
ज्याच्या त्याच्या चपलेखाली.
त्या उडाल्या. पोळं उठावं तसा आवाज,
फक्कीचा लोट, माझ्या आठाची एक बाजू पुसट.
स्कूटरवाल्या पोरांची रांग
माना वर करून उभी.
मी वर पाहिलं नाही.
वर पाहून मला काय कळणार होतं?

मी सावली पाहिली.
खाटेएवढी सावली
आठाच्या पोटात शिरली, कमरेशी अडखळली,
वळली, सावरली, दुसऱ्या पोटात गेली
आणि तिथे रेघेबाहेर सरकली,
एक वीत. फार तर दीड.
वाऱ्यानं? हातानं?
की तेवढ्यात सूर्यच जरासा हलला?

पाय मात्र टेकला नाही.
सव्वीस वर्षांत
इतका न टेकलेला पाय मी पाहिला नव्हता.

उतरल्या तेव्हा पडद्यावर तीन मिनिटं शिल्लक,
केसांत फक्की, हाताला कंप.
पास? त्यांनी विचारलं,
माझ्या मुलीनं विचारावं तसं.

शेऱ्याच्या जागी मी लिहिलं :
'सावली एक वीत बाहेर. पाय टेकला नाही.
परिशिष्ट मिळाल्यावर निर्णय.'
त्यांनी वाचलं, मान हलवली,
आणि टेम्पोवाल्याला फोन लावला.

संध्याकाळी मैदानावर पाणी मारताना
रतिलाल म्हणाला,
साहेब, आठ पुसला गेलाय. परत काढू?
काढ, म्हटलं.
थोडा मोठा काढ.